दिवसाचे अडीच हजार, जेवण वेगळे

पणजीहून निघताना गाडीतच ठरलं:
मी फक्त दोन्हीकडचे शब्द वाहायचे,
स्वतःचा एकही मध्ये घालायचा नाही.
त्याचे दिवसाला अडीच हजार, जेवण वेगळे.

बाईंचं नाव ओडिल्ड.
कुठल्याशा थंड देशातल्या निवृत्त शिक्षकांचा फंड,
फंडाचे थोडे पैसे एका बँकेत,
बँकेचे एका कंपनीत,
आणि कंपनीचे इथे, सांगे तालुक्यातल्या
एका डोंगराच्या पोटात.
पैसा नीट वागतोय ना, ते बघायला त्या आल्या होत्या,
वसतिगृहात ठेवलेल्या मुलाला बघायला यावं तशा.

शाळेच्या व्हरांड्यात बाकं मांडलेली.
प्रत्येकाच्या पाठीवर कंपनीचं नाव,
टेकून बसलं की झाकलं जायचं.
कंपनीच्या केंकऱ्यांनी फाइल उघडली:
शिलाई यंत्रं सव्वीस, चष्मे एकशे दहा,
पाण्याचा टँकर रोज एक, रविवार धरून.
मी सांगत गेले. आकडे वाहायला हलके,
या भाषेतून त्या भाषेत नेताना सांडत नाहीत.

मग 'स्टेकहोल्डर' आला.
कोशात त्याला 'हितसंबंधी' म्हणतात.
मी तो उच्चारला मात्र,
समोरची माणसं सावरून बसली,
कुणीतरी आळ घेतल्यासारखी.
"आमचे कसले हितसंबंध?" खुशाली वेळीप म्हणाला,
"आम्ही इथे राहतो."

त्याच्या अंगणात ट्रक आहे.
खाण बंद होती ती सगळी वर्षं
ट्रक ताडपत्रीखाली उभा होता
आणि हप्ते चालत होते.
"खाण नको असं लिहू नका," तो म्हणाला,
"आणि आहे तशी हवी, असंही लिहू नका."
मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी दिली.
ओडिल्डनी पेन उचललं, कागद उलटून पाहिला.
खूण करायला चौकोन एकच होता.

सुकांती गांवकर शेवटच्या बाकावर,
न टेकता बसलेल्या.
"टँकर चांगला आहे," त्या म्हणाल्या.
"कुळागराच्या वर आमचा वझर होता
तेव्हा तो लागत नव्हता, एवढंच."
मग माझ्याकडे वळून:
"तिका विचार, ते मास्तर शिकवायचे काय?"

हे यादीत नव्हतं.
ओडिल्ड थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या,
सगळ्यांचं माहीत नाही. माझी आई भूगोल शिकवायची.
आता चौऱ्याऐंशीची आहे. मागच्या हिवाळ्यात
बर्फावरून घसरली, पाय मोडला.
पेन्शनमधून एक मुलगी ठेवली आहे, तिला उठवून बसवायला.

"भूगोल म्हणजे नद्या, डोंगर?"
"हो."
"मग तिला समजेल."

एवढं म्हणून सुकांतींनी पिशवीतून
वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढली.
सोलं. यंदाची, घरची, कंपाउंडच्या अलीकडच्या झाडांची.
"आईला दे. पायाला नव्हे, तोंडाला चव येते."

ओडिल्डनी हात छातीशी नेला.
कामावर असताना भेट घेता येत नाही,
कितीही लहान असो, नियम आहे,
कारण घेणाऱ्याचं मत बदलतं.
मी हे सांगितलं. अगदी नीट सांगितलं.

सुकांती हसल्या नाहीत.
एकदा बाकांकडे बघून म्हणाल्या,
"बरो नेम. आमकांय असो एक जाय आशिल्लो."

ओडिल्ड माझ्याकडे बघत राहिल्या.
केंकरे फाइलची नाडी बांधत होते,
त्यांना ते कळलं होतं, गाठ दोनदा सुटली.
मी म्हटलं, त्या म्हणतात, चांगला नियम आहे.
अर्धंच.
उरलेलं अर्धं का ठेवून घेतलं,
ते फोंडा येईपर्यंत मला सांगता आलं नसतं,
आणि त्यानंतर कुणी विचारलं नाही.

पुडी माझ्या बॅगेत होती.
दुभाषांसाठी नियम नसावा.
रात्री वाटीभर पाण्यात सोलं भिजत घातली,
बिल लिहायला बसले,
तारीख, गाव, तास.
मान वर केली तेव्हा वाटीतलं पाणी तांबडं झालं होतं,
खाणीखालच्या ओहोळासारखं, पण पारदर्शक.
'जेवण'च्या रकान्यात काय लिहावं
हे ठरेना.